लिकिनोस गप्प बसला तो दिवस

ऐक्सोनीत जन्मलेल्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत, पोहणं आणि टोमणा मारणं. अथेन्सच्या बाजारात कुणी फटकळ बोललं की लोक लगेच विचारायचे, "काय रे, ऐक्सोनीचा वाटतं?" आणि अशा या गावातही लिकिनोसच्या जिभेला सगळे जरा बिचकून असत. माणूस मासेमार. सारा जन्म एका होडीतून दुसऱ्या होडीला हाका मारण्यात गेलेला, त्यामुळे त्यानं घरात मीठ मागितलं तरी गल्लीच्या टोकाचा कुत्रा भुंकायचा.

शेजारी स्मिकीथोस राहायचा. त्याची ऑलिव्हची झाडं आणि लिकिनोसचं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी दगडी भिंत होती. त्या भिंतीवर कोपर टेकून दोघं रोज सकाळी एकमेकांचा उद्धार करत.

"काय लिक्या, आज काही लागलं का जाळ्याला? की तुझा आवाज ऐकून सगळे मासे सायप्रसला पळाले?"

"तुझ्या तेलापेक्षा खारं पाणी बरं म्हणून ते इथंच थांबलेत, स्मिक्या. आमच्या मांजरीनं तुझं तेल चाटलं, तेव्हापासून ती देवळाच्या पायरीवरून उठत नाही."

लिकिनोसची बायको फिलिन्ना आतून ओरडायची, "अहो, तुमचं लग्न नक्की कुणाशी झालंय? माझ्याशी सकाळपासून एक शब्द नाही आणि त्या भिंतीशी घटकाभर!"

होडीत लिकिनोसच्या जोडीला असे ओनासोस. हा अनाफी बेटावरचा. मिसरूड फुटलं तेव्हा आला आणि इथंच राहिला. आता दाढी पांढरी झाली होती, तरी बोलणं तेच बेटाकडचं, मऊ आणि लांबवलेलं. तीस वर्षांत त्यानं कुणाला वेडंवाकडं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गावात त्याला सगळे आपला म्हणत, पण कायदा त्याला उपराच म्हणे. त्याला हातभर जमीन स्वतःच्या नावावर करता येत नव्हती. कोर्टात काही काम निघालं तर लिकिनोसला सोबत न्यावं लागे. गावच्या यज्ञाचं मांस त्याच्या ताटात पडायचं ते शेजाऱ्यांनी दिलं म्हणून, हक्कानं नाही. लढाई लागली की मात्र ढाल उचलून तो सगळ्यांच्या रांगेत उभा असायचा, तिथं त्याला कुणी बेट विचारत नव्हतं.

एका हिवाळ्यात काय झालं, शहराचं एक लढाऊ जहाज वादळात सापडून आमच्या भूशिराच्या खडकांवर फुटलं. लिकिनोस त्या दिवशी बहिणीकडे दुसऱ्या गावी गेला होता. ओनासोसनं एकट्यानं होडी पाण्यात लोटली. लाटा घरांएवढ्या. तो जायचा, वल्हेकऱ्यांना होडीत ओढायचा, किनाऱ्यावर ओतायचा आणि पुन्हा जायचा. स्मिकीथोस किनाऱ्यावर गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून माणसं झेलत होता. शेवटच्या खेपेला होडीची एक बाजू फुटली, तरी ती बुडण्याआधी त्यानं ती वाळूवर आणली. दुसऱ्या दिवशी लिकिनोस परतला. त्यानं सगळं ऐकलं आणि फुटक्या होडीजवळ बसून लहान पोरासारखा रडला. नंतर म्हणाला, "जन्मभर मी होडीत बसलो, आणि ज्या दिवशी बसायला हवं होतं त्या दिवशी मी बहिणीकडे मसूर खात होतो!"

शहरातून एक अधिकारी आला, ओनासोसच्या डोक्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट ठेवून चार शब्द बोलला आणि गेला. पुढे काही नाही. लिकिनोस रोज भिंतीपाशी तणतणू लागला.

"पाचशे माणसं बसतात त्या मंडळात! पाचशे! आणि एकाच्याही डोक्यात येत नाही की या माणसाला नागरिक करून घ्यावं? झोपा काढतात की काय?"

फिलिन्ना ऑलिव्ह निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग तुम्ही जा की. गावची सोडत पुढच्या महिन्यात आहे. मडक्यात हात घालायला काही जहाज लागत नाही."

लिकिनोसनं दुसऱ्याच दिवशी गावच्या कारभाऱ्याकडे नाव दिलं.

सोडतीच्या दिवशी गावच्या चौकात दोन मडकी मांडली होती. एकात नावं, दुसऱ्यात घेवड्याचे दाणे, काळे आणि पांढरे. कारभारी एका मडक्यातून नाव काढायचा, दुसऱ्यातून दाणा. पांढरा निघाला तर वर्षभर पाचशेंच्या मंडळात बसायचं. लिकिनोसचं नाव निघालं आणि पाठोपाठ पांढरा दाणा.

"झालं," स्मिकीथोस म्हणाला. "आता अथेन्स बुडवायला स्पार्टाचं सैन्य नको."

पण नुसता दाणा निघून भागत नाही. मंडळापुढे उभं राहून आपण कोण ते सांगावं लागतं. लिकिनोस नवं वस्त्र नेसून शहरात गेला, साक्षीला चार गाववाले घेऊन. प्रश्न ठरलेले होते.

"तुझा बाप कोण? कुठल्या गावचा? आईचा बाप कोण?"

लिकिनोसनं सांगितलं.

"घराण्याच्या समाध्या कुठं आहेत?"

"समुद्राच्या वाटेला, थडग्यावर वल्हं कोरलंय."

"आईवडिलांना नीट वागवलंस?"

इथं मात्र लिकिनोसनं साक्षीदारांकडे बोट केलं. एक साक्षीदार पुढे झाला आणि म्हणाला, "म्हातारीचे पाय गेले होते. नाटकांच्या उत्सवाला हा दरवर्षी तिला पाठीवर घेऊन जायचा. वाटभर दोघं भांडत जायचे, पण घेऊन जायचा."

मग विचारलं गेलं, "या माणसाविरुद्ध कुणाला बोलायचंय?" सगळ्या ऐक्सोनीकरांच्या माना स्मिकीथोसकडे वळल्या. तोही सोबत आला होता आणि भाजलेले हरभरे खात होता. त्यानं हात झटकले आणि उठून म्हणाला, "बोलायला घेतलं तर या मंडळाची मुदत संपेल. घ्या बापडे आत." आणि बसला. हास्याच्या गदारोळात लिकिनोस मंडळाचा सभासद झाला.

शहरातल्या कामाची त्याला लवकरच गोडी लागली. जहाजांची लाकडं, धान्याची गलबतं, परगावचे दूत, सगळ्यावर बोलायला मिळे आणि ऐकून घ्यायला पाचशे माणसं! पण ओनासोसचा विषय त्यानं मांडला तेव्हा त्याला चारच वाक्यं सुचली. "वादळ होतं. माणसं आपली होती. होडीत तो एकटा होता. तो आपला का नाही?" मंडळानं ठराव नगरसभेपुढे ठेवायचं मान्य केलं. नागरिक करून घेणं हे मंडळाच्या हातात नाही, ते टेकडीवर बसणाऱ्या सगळ्या अथेन्सकरांच्या हातात.

नगरसभेसाठी मात्र लिकिनोसनं मोठं भाषण तयार केलं. सुट्टीला गावी आला की होडीत उभा राहून तालीम करायचा. ओनासोस वल्ही मारत ऐकायचा.

"...आणि अथेन्सकरहो, हा सिंहाच्या छातीचा, गरुडाच्या नजरेचा..."

"लिकिनोस, जरा जास्त होतंय रे. मला लांबचं दिसत नाही हल्ली."

"तू गप्प बस. तुझ्याबद्दल चाललेलं नाही हे."

"माझ्याबद्दलच चाललंय."

"मग तर मुळीच बोलू नकोस!"

आणि सभेच्या आदल्या दिवशी घोळ झाला. मंडळात दहा गणांचे पन्नास-पन्नास जण, आणि त्या महिन्यात कारभार पाहण्याची पाळी आमच्याच गणाच्या पन्नास जणांवर होती. त्या पन्नासांतून रोज संध्याकाळी चिठ्ठीनं एक अध्यक्ष निवडत. सूर्यास्तापासून दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत शहराचा शिक्का आणि खजिन्याच्या किल्ल्या त्याच्या हातात. सभा असेल तर तिचाही अध्यक्ष तोच. हा मान माणसाला जन्मात एकदाच. चिठ्ठी निघाली, लिकिनोस, ऐक्सोनीचा.

सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. लिकिनोसचा चेहरा आधी उजळला, मग पडला. कारण अध्यक्षाला भाषण करता येत नाही. त्यानं बोलणाऱ्यांना बोलू द्यायचं, हात वर झाले की कुठली बाजू जास्त ते पाहायचं आणि निकाल सांगायचा. बस्स.

ओनासोस आणि फिलिन्ना त्याच संध्याकाळी गावाहून आले होते. मंडळाच्या गोल इमारतीबाहेर लिकिनोस त्यांना भेटला, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा.

फिलिन्नानं त्या किल्ल्या हातात घेऊन नीट पाहिल्या. "घरच्या कोठीची किल्ली मी तुम्हाला कधी दिली नाही," ती म्हणाली, "आणि या लोकांनी अथेना देवीच्या खजिन्याची दिली?"

लिकिनोस हसला नाही. "ओनासोस, उद्या मला तोंड उघडता येणार नाही रे. तुझ्या बाजूनं बोलणार कोण?"

ओनासोस शांतपणे म्हणाला, "तीस वर्षं तूच बोललास. एक दिवस बस निवांत." मग त्यानं द्राक्षांच्या घोसासारखे एका दोरीला ओवलेले तांबडे दाढीवाले मासे त्याच्या हातात दिले. "पन्नास जणांना पुरणार नाहीत. पण वास तरी येईल गावाचा."

सकाळी टेकडी माणसांनी भरली. पुजाऱ्यांनी डुकराचं पिल्लू फिरवून जागा शुद्ध केली, ललकारी देणाऱ्यानं प्रार्थना म्हटली. बाजारात रेंगाळणाऱ्यांना लाल रंगात भिजवलेल्या दोरीनं हाकलत आणलं जात होतं, आणि ज्यांच्या अंगाला रंग लागला त्यांची टर उडत होती. लिकिनोस उंच आसनावर बसला. समोर एवढी माणसं त्यानं जन्मात एकाच बाजूनं पाहिली होती, आज उलट्या बाजूनं पाहत होता. कडेला बांधलेल्या दोरीपलीकडे, जिथं नागरिक नसलेले लोक उभे राहून बघत, तिथं ओनासोसची पांढरी दाढी दिसत होती.

ठराव वाचला गेला. ललकारीवाल्यानं विचारलं, "कुणाला बोलायचंय?"

घोडे पाळणाऱ्या एका घराण्यातला देखणा माणूस पुढे आला. डोक्यावर वक्त्याचा हिरवा मुकुट चढवला, वस्त्राची निरी सारखी केली.

"अथेन्सकरहो, वादळात माणसं वाचवणं चांगलंच. पण त्यासाठी नागरिकत्व? डॉल्फिनही बुडत्या माणसाला किनाऱ्याला आणतो म्हणतात. उद्या त्यालाही या टेकडीवर आणून बसवणार का? नागरिक रक्तानं होतो, खाऱ्या पाण्यानं नाही. तो माणूस तोंड उघडतो तेव्हा अजूनही अर्धं बेट बाहेर पडतं."

बरेच जण हसले. लिकिनोसच्या मानेच्या शिरा फुगल्या. उत्तर जिभेच्या टोकावर होतं, चांगली पाच उत्तरं होती. त्यानं खांद्यावरच्या वस्त्राचं टोक तोंडात धरलं आणि चावत बसला. शेजारचा सभासद कुजबुजला, "अध्यक्ष, बरं नाही का?" लिकिनोसनं नुसती मान हलवली.

"आणखी कुणाला बोलायचंय?"

गर्दीतून कोपरं मारत एक बुटका माणूस पुढे आला. पाठीवर लाल दोरीचा भलामोठा डाग. स्मिकीथोस! त्यानं मुकुट डोक्यावर ठेवला, तो कानांपर्यंत खाली आला. तो व्यासपीठावर चढला आणि सभेकडे न पाहता आधी अध्यक्षाकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की लिकिनोसनं वस्त्राचं टोक तोंडात आणखी आत कोंबलं.

"अथेन्सकरहो, मी स्मिकीथोस, ऐक्सोनीचा. ते उंच आसनावर फडकं खात बसलेत ते माझे शेजारी. वीस वर्षं मी अशा दिवसाची वाट पाहतोय की मी बोलेन आणि यांना उलट बोलता येणार नाही."

टेकडीवर खसखस पिकली.

"यांचा आवाज तुम्ही आज ऐकला नाहीत, देवांचे आभार माना. हे पहाटे जांभई देतात तेव्हा समोरच्या एजिना बेटावर कोंबडे आरवतात. यांचं गाणं ऐकून माझ्या ऑलिव्हांनी एक वर्ष फळ धरलं नाही. यांना प्रत्येक गोष्टीतलं सगळं कळतं. वारा कुठून येणार ते हे वाऱ्याला सांगतात."

लोक मांड्या थोपटत होते. लिकिनोसचं तोंड लाल झालं होतं, वस्त्राचं टोक जवळजवळ गिळलं होतं, आणि आपलेही खांदे हसण्यानं हलताहेत हे त्याच्या लक्षात आलं.

"आता सांगा," स्मिकीथोस म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "अशा माणसाबरोबर एका होडीत, हातभर जागेत, कुणी तीस वर्षं राहील? आणि त्याला पाण्यात न ढकलता? ओनासोस राहिला. रोज. मी अथेन्समध्ये पुष्कळ नागरिक पाहिले, एका जेवणात भांडून उठणारे. शेजाऱ्याला सहन करणं यालाच नागरिकपण म्हणत असाल तर या टेकडीवरचा पहिला नागरिक तो तिकडे दोरीपलीकडे उभा आहे. वादळाचं मी सांगत नाही. मी किनाऱ्यावर होतो. मी नागरिक, बापाच्या बापापासूनचा नागरिक. पाणी माझ्या गळ्यापर्यंत होतं. त्याच्या पुढे जायची माझी हिंमत झाली नाही. त्याची झाली. होडीत ओढताना त्यानं कुणाला विचारलं नाही, तुझा बाप कुठल्या गावचा."

तो खाली उतरला तेव्हा कुणी हसत नव्हतं.

लिकिनोस उभा राहिला. आता फक्त तोच बोलू शकत होता, आणि ठरलेले शब्दच बोलू शकत होता. "ज्यांना ठराव मान्य, त्यांनी हात वर करा."

हातांचं शेत उगवलं. डावीकडे एक घोळका बसला होता, खांदे रुंद, हातांना घट्टे. फुटलेल्या जहाजाचे वल्हेकरी. ते उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. सभेत गलका झाला. "लबाडी! लबाडी!"

तेव्हा लिकिनोसनं त्या दिवसातली एकमेव आरोळी ठोकली.

"ए, एकच हात! अथेन्समध्ये एका माणसाला एकच हात!"

खाली बाजारातली कबुतरं उडाली. कुणीतरी ओरडलं, "स्मिकीथोस खरंच सांगत होता रे!" आणि सगळी टेकडी हसत सुटली. वल्हेकऱ्यांनी एकेक हात खाली घेतला. लिकिनोसनं नीट, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग विरोधी हात मागितले. घोडेवाल्या देखण्या माणसाच्या भोवती थोडे वर झाले, आणि त्यातलेही काही शेजाऱ्याकडे बघून अर्ध्यावरून परतले.

"ठराव मंजूर," लिकिनोस म्हणाला. हे दोन शब्द म्हणताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की ललकारीवाल्याला ते पुन्हा सांगावे लागले.

दोरीपलीकडे ओनासोस जमिनीवर खाली बसला होता. वल्हेकऱ्यांनी त्याला उचललं आणि खांद्यावर घेतलं.

सूर्य मावळला, किल्ल्या आणि शिक्का दुसऱ्याच्या गळ्यात गेला. स्मिकीथोस बाहेर पायरीवर बसला होता. किल्ल्यांचा खणखणाट थांबला त्याच क्षणी लिकिनोस बाहेर आला आणि दिवसभर साठवलेलं सगळं त्यानं एका दमात त्याच्यावर ओतलं, त्याच्या तेलापासून ते कानांपर्यंत आलेल्या मुकुटापर्यंत. स्मिकीथोस डोळे मिटून, गाणं ऐकावं तसं ऐकत होता. श्वास संपल्यावर लिकिनोसनं त्याला मिठी मारली.

"हाडं मोडशील, मूर्खा," स्मिकीथोस म्हणाला.

नव्या नागरिकाला कुठल्या गावात नाव घालायचं ते विचारतात. लोकांनी ओनासोसला सुचवलं की शहराजवळचं एखादं बरं गाव घे, ऐक्सोनीचं नाव लावून शिव्याच खाशील. त्यानं ऐक्सोनीच सांगितलं. गावच्या चौकात खडे टाकून मतं घेतली, एकही खडा विरोधात नव्हता. बोकडाचा बळी दिला आणि त्या दिवशी मांसाचा पहिला वाटा ओनासोसच्या ताटात पडला. तो बराच वेळ त्या ताटाकडे पाहत राहिला.

"ते असं चालायचं नाही," कारभारी म्हणाला. "ऐक्सोनीकर झालास ना? मग एक टोमणा मार. आत्ताच्या आत्ता."

सगळे गोळा झाले. ओनासोसनं खूप विचार केला. मग आपल्या लांबवलेल्या बोलीत म्हणाला, "लिकिनोस... मला वाटायचं, होडी माझ्या वल्ह्यांवर चालते. आता कळलं, शिडात सगळा वारा तुझ्याच तोंडचा होता."

हा टोमणा की कौतुक, यावर चौकात संध्याकाळपर्यंत वाद झाला आणि शेवटी मत घ्यावं लागलं. टोमणा ठरला, थोडक्यात.

वर्ष संपल्यावर लिकिनोस पुन्हा मासे धरू लागला. ओनासोसनं समुद्राकडच्या उतारावर छोटं घर बांधलं, स्वतःच्या जमिनीवर, आणि पहिल्या दिवशी दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतंच "या, या" म्हणत राहिला.

पुढच्या शरदात गावच्या बायका धान्यदेवीच्या उत्सवासाठी जमल्या. तीन दिवस गावाबाहेरच्या टेकडीवर बायकाच बायका, तिथला सगळा कारभार त्यांचा. पुरुषांना प्रवेश नाही, आणि तिथं काय होतं ते पुरुषांना सांगायचंही नाही. त्या वर्षी बायकांनी प्रमुख म्हणून फिलिन्नाला निवडलं.

"काय करणार तिथं?" लिकिनोसनं विचारलं.

"कारभार."

"म्हणजे नक्की काय? ठराव वगैरे असतात का? मी अध्यक्ष होतो, मला सांगायला काय हरकत आहे?"

"तुम्ही एकच दिवस होतात," फिलिन्ना कमरेला पदर खोचत म्हणाली. "मी तीन दिवस आहे. मसूर चुलीवर आहे, ढवळत राहा."

मसूर करपला. लिकिनोस आणि स्मिकीथोस करपलेलं मडकं घेऊन ओनासोसकडे गेले आणि तिघं नव्या घराच्या दारात बसून जेवले. टेकडीवरून बायकांचं हसणं ऐकू येत होतं, एकामागून एक, पोट धरून हसल्यासारखं.

"आपल्याबद्दलच असणार," स्मिकीथोस म्हणाला.

"तुझ्याबद्दल," लिकिनोस म्हणाला, आणि ओनासोसनं दोघांच्या वाट्यांत आणखी वाइन ओतली.